साटीनचं ठिगळ

तुमच्या घरात जुन्या कपड्यांचं एक गाठोडं नक्की असेल. माळ्यावर, दिवाणाच्या पोटात, नाहीतर कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात. ते शेवटचं कधी उघडलंत? दिवाळीच्या साफसफाईत आईने काढलं असेल आणि 'बघू नंतर' म्हणत परत कोंबलं असेल. या वेळी तुम्ही उघडा आणि आतले कपडे हाताने चाचपून बघा. आजीच्या काळात त्यात धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी, धोतरं आणि सदरे असायचे. सगळं सुती. आज काय निघतं? जॉर्जेटचा ड्रेस, क्रेपचा कुर्ता, ट्रॅडिशनल डेला एकदाच घातलेला टिकल्यांचा घागरा, दादाच्या शेरवानीतलं अस्तर आणि तिसरीतल्या गॅदरिंगचा तो झगमगीत साटीनचा फ्रॉक, जो घालून तुम्ही दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथे नाचला होतात.

आता या गाठोड्यातून गोधडी शिवायची म्हटली तर? शिवता येईल का?

मी गेले दोन महिने याच प्रश्नात अडकलेय, म्हणून विचारते. माझ्या ताईला डिसेंबरमध्ये बाळ होणार आहे. आमच्याकडे बाळाचं पहिलं दुपटं आजी शिवायची. माझं तिनेच शिवलं होतं, ताईचंही. आजी मागच्या वर्षी गेली. आईचे डोळे आता सुई ओवताना त्रास देतात. राहिले मी. मास कॉमची पदवी हातात असलेली आणि शर्टाचं बटण लावताना बोटाला रक्त काढणारी.

आजीचं गाठोडं उघडलं. दोन इरकल लुगडी, एक सुती पातळ, आजोबांचं धोतर. हे सगळं दुपट्यासाठी सोन्यासारखं. पण तळाशी निघालं तिचं जांभळं साटीनचं पोलकं. आमच्या अल्बममध्ये आजीचे जेवढे सणासुदीचे फोटो आहेत, त्यातल्या बहुतेकांत हेच पोलकं आहे. ताईने व्हिडिओ कॉलवर ते बघितलं आणि तिथल्या तिथे फर्मान काढलं, ''दुपट्यात याचा तुकडा पाहिजे. बाकी काहीही कर.''

कराडजवळच्या आमच्या गावात एक म्हातारी शेजारीण आहे. तिला सगळं गाव नानी म्हणतं. तिने आयुष्यात किती वाकळी शिवल्या ते तिलाही माहीत नसेल. तिला पोलकं दाखवलं. तिने ते दोन बोटांत चोळलं आणि म्हणाली, ''साटीन म्हंजे पाणी हाय पोरी. हातात ऱ्हात न्हाई.''

मला अर्थातच पटलं नाही. यूट्यूब कशाला आहे मग?

आधी माझी फजिती ऐका

सुदैवाने मला एवढी अक्कल होती की पहिला प्रयोग पोलक्यावर केला नाही. माझा गॅदरिंगचा लव्हेंडर फ्रॉक घेतला. व्हिडिओतल्या बाई चार-चार इंचांचे चौकोन कापतात, पाव इंच शिलाई धरून एकमेकांना जोडतात आणि दहा मिनिटांत बुद्धिबळाच्या पटासारखं काहीतरी तयार होतं. मी एक चौकोन सुती आणि एक साटीनचा असे लावायला घेतले.

कात्री लावताच साटीन सरकलं. चौकोन कापला तो पतंग निघाला. मशिनवर घातला तर खालचं सुती कापड सरळ पुढे गेलं आणि वरचं साटीन मागे राहून सुरकुतलं. काठाचे धागे इतके सुटत होते की पाव इंचाच्या शिलाईत धरायला फारसं काही उरलंच नाही. दोन चौकोन जोडून जरा ताणले तर शिलाईच्या कडेने साटीन विरल्यासारखं उघडलं. आणि मग मी त्याला सपाट करायला इस्त्री फिरवली. इस्त्रीचं बटण 'कॉटन'वर होतं.

पुढचं सांगायला नको. प्लास्टिक जळाल्याचा वास, इस्त्रीच्या तव्याला चिकटलेली लव्हेंडर साय आणि चौकोनाच्या जागी आक्रसलेली पापडी. पोलकं घेतलं असतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही, खरंच.

दुसऱ्या दिवसापासून मी व्हिडिओ बंद केले आणि कापड समजून घ्यायला लागले. तुम्हालाही आधी तिथूनच सुरुवात करावी लागेल.

साटीन हा धागा नाही, वीण आहे

आपण 'कॉटन की साटीन' असं म्हणतो ना, तो प्रश्नच चुकीचा आहे. कॉटन हा धागा झाला. साटीन ही विणायची पद्धत. साध्या सुती कापडात आडवा धागा उभ्याच्या एकदा वरून, एकदा खालून जातो, चटईसारखा. साटीनमध्ये उभा धागा चार आडव्या धाग्यांवरून लांब उडी मारतो आणि मग एकाखाली बुडी घेतो. काही विणींत ही उडी आणखी लांब असते. अशा लांब, मोकळ्या धाग्यांवर उजेड पडला की तो एकसारखा परत फिरतो. ती साटीनची चमक. पण धागे एकमेकांना कमी ठिकाणी पकडून बसलेले असतात, म्हणूनच ते सरकतात, सुटतात आणि नखात अडकतात. म्हणजे साटीनचा गुण आणि अवगुण एकाच जागेतून येतात.

ही वीण रेशमाची असू शकते, पॉलिस्टरची असू शकते, नायलॉनची, रेयॉनची आणि सुताचीसुद्धा. दुकानात 'कॉटन साटीन' नावाने बेडशीटचं कापड मिळतं ते हेच. तुम्हाला फक्त थोडी चमक हवी असेल आणि कुठल्या आठवणीचं बंधन नसेल, तर सरळ ते घ्या. सुती गोधडीत ते सहज मिसळतं, इस्त्रीला घाबरत नाही आणि धुवायलाही सोपं. पण आठवणीचं कापड आपण निवडत नाही, ते आधीच शिवलेलं असतं. म्हणून आपल्या हातातलं साटीन कशाचं आहे हे ओळखायला हवं.

त्याची घरगुती परीक्षा सोपी आहे. आतल्या शिलाईतून दोन-चार धागे ओढून काढा. चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून, पेटवा. (हॉस्टेलच्या खोलीत नको, प्लीज. आणि पंखा बंद करून.) पॉलिस्टर किंवा नायलॉन असेल तर धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशीम हळूहळू जळतं, केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चुरता येते. सूत कागदासारखं भुरकन जळतं आणि मऊ राख उरते. रेयॉनही तसंच, कारण तोही झाडाच्या लगद्यापासूनच बनतो.

माझा फ्रॉक पॉलिस्टर होता हे सांगायला परीक्षेची गरज नव्हती, इस्त्रीनेच सांगितलं होतं. आजीच्या पोलक्याचा धागा मात्र कागदासारखा जळला. मणी नाही, केसांचा वास नाही आणि चमक तर भरपूर. म्हणजे रेयॉन, ज्याला जुने लोक नकली रेशीम म्हणायचे. मी खूश झाले, चला, इस्त्रीला टिकेल. पण रेयॉनची एक वेगळीच गोम आहे. कोरडा असताना तो ठीक असतो, ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते. आणि दुपटं ही वस्तू तर रोज ओली होण्यासाठीच जन्माला येते!

आधीच्या लोकांनी काय केलं?

सूत आणि साटीन एकत्र आणायचा प्रश्न काही आपल्यालाच पहिल्यांदा पडलेला नाही. मश्रू हे कापड ऐकलंय? गुजरातेत पाटणला ते विणतात आणि आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरमध्येही हिमरूच्या जोडीने मश्रूची परंपरा होती. मश्रू या अरबी शब्दाचा अर्थ परवानगी असलेलं. मुस्लिम पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये असा संकेत होता. विणकरांनी काय युक्ती काढली? साटीनच्या विणीत उभे धागे रेशमाचे घेतले, आडवे सुताचे. लांब उड्यांमुळे वरच्या बाजूला जवळजवळ फक्त रेशीम दिसतं आणि मागच्या, म्हणजे अंगाच्या बाजूला सूत येतं. दिसायला रेशीम, अंगाला सूत. घाम शोषायला सूत, मिरवायला रेशीम.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं. आपल्या आज्यांची इरकल लुगडी बघा. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलवरून हे नाव आलं. पारंपरिक इरकलीचं अंग सुती असतं आणि पदर रेशमाचा. बऱ्याच साड्यांत तो नकली रेशमाचाही असतो. पदराचे उभे धागे अंगाच्या उभ्या धाग्यांत फासासारखे अडकवून ते मागावरच जोडलेले असतात. म्हणजे ज्या ज्या गोधडीत इरकलीचा पदर गेला, तिच्यात सुतासोबत दुसरं चमकदार कापड आधीच गेलेलं आहे. मी आजीने शिवलेलं माझं स्वतःचं दुपटं काढून बघितलं. मधोमध लाल इरकली पदराची पट्टी आहे, पांढऱ्या रेघांची. बावीस वर्षं मी ते दुपटं 'सुती' समजत होते.

मग आजीला हे जमलं कसं आणि मला का नाही? उत्तर पट्टीच्या मागे होतं. आजीने ती पट्टी दुसऱ्या तुकड्याला काठाला काठ लावून जोडलेलीच नव्हती. ती अख्ख्या लुगड्याच्या थरांवर ठेवली होती, कडा आत मुडपल्या होत्या आणि वरून धावदोरा घातला होता. ठिगळासारखी.

नानीला सांगितलं तर ती हसली. ''मंग? साटीनला कामाला लावू नगं. त्येला नुसतं वर बसू दे. वझं खालच्या लुगड्यानं उचलायचं.''

या एका वाक्याने माझा महिना वाचला. व्हिडिओतल्या क्विल्टमध्ये वरचा थर तुकड्या-तुकड्यांचा असतो आणि प्रत्येक शिलाई ताण सोसते. तिथे साटीनसारखं विसविशीत कापड आलं की तीच जागा आधी फाटते. आपल्या गोधडीत खाली तीन-चार अख्खी लुगडी असतात. ताण त्यांच्यावर. वरचा तुकडा उद्या झिजला तरी गोधडी फाटत नाही, फार तर नवं ठिगळ बसतं.

याच पद्धतीचं सगळ्यात देखणं रूप बघायचं असेल तर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंदी बघा. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात राहणारा हा समाज मूळ आफ्रिकेतला. त्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं आणि आजही त्यांच्या बोलीत कोकणी आणि मराठी ऐकू येते. कवंदीत खाली एक साडी पसरतात आणि कोपऱ्यापासून सुरुवात करून मिळेल त्या कापडाचा एकेक तुकडा मुडपून लावत, धावदोऱ्याने कडेकडेने फिरत मध्यावर येतात. तुकड्यांची आधी जोडणी नाही, मापाचा चौकोन नाही. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची 'फुलं' लावतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी वाटते असं ते मानतात. अशा पद्धतीत सुताशेजारी वेगळ्या जातीचं कापड आलं तरी भांडण होत नाही, कारण प्रत्येक तुकडा शेजाऱ्याच्या नाही, खालच्या साडीच्या जिवावर असतो.

मग करायचं कसं?

आता तुमच्या हातातलं साटीन घ्या. सगळ्यात आधी त्याला मागून आधार द्या. टेलरिंगच्या सामानाच्या दुकानात 'फ्युजिंग' मागा, पातळातलं पातळ. एका बाजूला गोंद असलेलं ते कापड इस्त्रीने मागे चिकटतं आणि साटीनची सगळी चुळबुळ थांबते. इस्त्री मंद, वर एक सुती रुमाल, आणि इस्त्री ओढायची नाही, ठेवायची आणि उचलायची. मोठ्या माणसाच्या गोधडीसाठी हे उत्तम. बाळाच्या दुपट्यात मात्र मला तो कडकपणा नको होता. मी आजोबांच्या धोतराचा तुकडा साटीनच्या मागे धरून चारही बाजूंनी कच्चा टाका घातला. वेळ जास्त लागतो, पण तुकडा मऊ राहतो.

आधार दिल्यावरच कापा. कात्री धारदार हवी, भाजीची चालणार नाही. मुडपायला सुती कापडाला पाव इंच पुरतो, साटीनला अर्धा इंच सोडा. टाचण्या फक्त मुडपीच्या भागात टोचा, कारण साटीनवर पडलेलं भोक बुजत नाही. मी तर टाचण्यांऐवजी कागदाच्या क्लिपा वापरल्या. सुई बारीक आणि नवी. मशिनवर करणार असाल तर ९ किंवा ११ नंबरची. गेल्या वर्षी जीन्स शिवून बोथट झालेली १६ नंबरची सुई साटीनचा धागा ओढते आणि कापडभर एक पांढरी रेघ उमटते.

अजून एक गंमत. साटीनचे दोन सारखे तुकडे शेजारी ठेवून एक उलटा फिरवा. एक फिका दिसेल, एक गडद. मुद्दाम केलंत तर एकाच फ्रॉकमधून दोन रंग मिळतात. चुकून झालं तर अख्खी गोधडी डागाळल्यासारखी दिसते. म्हणून कापतानाच मागे खडूने बाण काढून ठेवा.

तुकडा ठेवायचा कुठे? मध्याकडे. कडा आणि गळ्याकडची बाजू सगळ्यात जास्त ओढली, चुरगळली जाते, तिथे सूतच हवं. आणि अति करू नका. माझ्या एका मैत्रिणीने हौसेने सगळी वरची बाजू साटीनची केली. दिसते राजेशाही, पण रात्री दोनदा पलंगावरून घसरून खाली पडते आणि ती बिचारी कुडकुडत उठते.

बाकीच्या कापडांबद्दल थोडक्यात सांगते. जॉर्जेट आणि शिफॉन पारदर्शक, त्यामुळे मागे रंगीत अस्तर लावलंत तर फार सुंदर दिसतात. एकटे लावाल तर खालच्या शिलाया दिसतील. जुन्या टी-शर्टचं कापड ताणतं, त्याला फ्युजिंग लावल्याशिवाय हात लावू नका. मखमल शिवताना सरकते आणि तिची लव एका दिशेला झोपते, शिवाय तिच्यावर थेट इस्त्री ठेवली की ठसा कायमचा. जीन्स टिकते दणकट, पण लुगड्यांच्या थरांवर हाताने तिच्यातून सुई काढून दाखवा, मी तुम्हाला चहा पाजते. जरीचा काठ अंगाला टोचतो, वर दिसायला ठीक, तोंडाजवळ नको. टिकल्या आणि मणी? काढून टाका. सुई मोडते, धुताना निघतात आणि बाळाच्या वस्तूवर तर अजिबातच नकोत, त्या थेट तोंडात जातात.

चमक आणि पाणी

साटीन-मखमलीचं वेड जगात एकदा चांगलंच पसरलं होतं. १८७६मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं प्रदर्शन भरलं. त्यात लोकांनी जपानी वस्तू बघितल्या आणि त्यांच्या वाकड्यातिकड्या, बिनमापाच्या नक्षीने भारावून गेले. पुढच्या दशकात तिथल्या बायकांनी रेशीम, साटीन, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडून 'क्रेझी क्विल्ट' शिवल्या. पांघरायच्या कमी, दिवाणखान्यात मिरवायच्या जास्त. त्यातल्या कित्येक आज संग्रहालयांत आहेत आणि त्यांचं रेशीम जागोजागी तडकून भुगा होत चाललंय. कारण मजेशीर आहे. कच्च्या रेशमावरचा डिंक धुतला की त्याचं वजन जवळजवळ पाव भागाने घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर. मग कारखानदार ते भरून काढायला रेशमात कथील आणि लोखंडाचे क्षार मुरवायचे. कापड जड आणि भारी लागायचं, पण आतून ठिसूळ होत जायचं. याच क्विल्टमधले सुती तुकडे, असतील तिथे, बहुतेक वेळा शाबूत दिसतात.

आपली गोधडी दिवाणखान्यात टांगायची नाही. ती धुतली जाणार. माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे, शिलाईत नाही. नानीच्या वाकळी नदीवर भिजत पडायच्या, धोपटल्या जायच्या, दगडावर कडक उन्हात वाळायच्या. साटीन घातलेल्या गोधडीला ही वागणूक देता येत नाही. थंड पाणी, सौम्य लिक्विड, पिळायचं नाही, सावलीत आडवी वाळवायची. घरातलं कोण हे करणार, हे शिवायच्या आधी विचारा. 'आई करेल' हे उत्तर असेल तर साटीनचा तुकडा अजून लहान करा.

आणि सुती कापड नवीन घेत असाल तर ते आधी एकदा धुऊन घ्या. नवं सूत पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिस्टर आटत नाही आणि मग साटीनच्या भोवती गोधडी गोळा होते. जुन्या लुगड्यांना ही भीती नाही. ती आटायची तेवढी केव्हाच आटलीत.

दुपट्यासाठी मी मश्रूवाल्यांचंच गणित धरलं. बाळाच्या अंगाची बाजू अख्खी जुन्या पातळाची, एकही जोड नसलेली. साटीन फक्त वरच्या, बाहेरच्या बाजूला. म्हणजे घाम सूत शोषेल आणि बाळाची नखं साटीनच्या धाग्यांत अडकणार नाहीत. नानीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ''ह्यात काय येवढं सांगण्यासारखं?''

बाही

पोलक्याला कात्री लावायची वेळ आली तेव्हा मी तीन दिवस टाळलं. एकदा कापलं की ते पोलकं राहणार नाही, नुसतं कापड होणार. ताईला म्हटलं, फ्रेम करून देते. ताई म्हणाली, ''भिंतीवर आजीचा फोटो आहे की.''

शेवटी आईनेच ब्लेड घेतलं. कात्री नाही. चष्मा लावून खिडकीत बसली आणि डाव्या बाहीचा एकेक टाका उसवत गेली. बाही सुटली आणि शिलाईच्या आत दबलेली अर्ध्या इंचाची पट्टी उघडी पडली. तिथे कधी ऊन लागलं नव्हतं. ती पट्टी जांभळी नव्हतीच. गडद होती, वांग्यासारखी, जवळजवळ काळपट. आम्ही ज्याला आजीचं जांभळं पोलकं म्हणत होतो, ते विटून जांभळं झालं होतं. फोटोही सगळे नंतरचेच. आई बराच वेळ ती पट्टी उजेडात धरून बसली. मग म्हणाली, ''माझ्या लहानपणी असंच होतं. मी विसरले होते.''

तुकडा मी चार बाय पाचचा घेतला. मुडपताना ती गडद पट्टी आत जाणार होती, म्हणून एका बाजूने मुडपलीच नाही. तिच्या कडेवर धोतराची बारीक गोट लावली आणि पट्टी बाहेर ठेवली. शिवणकामाच्या नियमात बसत नाही बहुतेक. उजवी बाही आणि उरलेलं पोलकं आईने घडी घालून परत गाठोड्यात ठेवलं.

दुपट्याचं अर्धं अधिक काम झालंय. ताई रोज रात्री फोन करून विचारते, किती झालं, आणि मी कॅमेरा दुपट्यावर फिरवते. परवा गावी गेले तेव्हा नानीला दाखवलं. तिने साटीनवरून हात फिरवला, काही बोलली नाही. मग कडेचा धावदोरा बघितला.

''टाकं लांब पडल्यात. उसव.''

चार ओळी उसवल्या. त्या सुती भागातल्या होत्या म्हणून बरं, तिथे भोकं दिसत नाहीत. बाळ यायला अजून सहा आठवडे आहेत.